खराद्याच्या तीन गोल पटाशा

हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. खराद्याचे काम त्याच हुनराची एक शाखा. घरातला मुलगा किंवा मुलगी हे काम शिकत असेल, तर लेथ सुरू करण्याआधी तीन गोल पटाशा ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली रुंद, सरळ धारेची. तिचा मुठीत बसणारा भाग बारीक असतो. चौकोनी लाकूड गोल करून लाटणे किंवा पलंगाचा पाय घडवायला ती वापरतात. दुसरी गोल सळईची, उथळ खाचेची. ती नक्षीचे मणी व खळगे काढते. तिसरीही सळईचीच, पण खोल खाचेची. वाडगा कोरायला हीच घ्यावी.

पहिली पटाशी वाडग्याला कधीच लावू नये. आडव्या लाकडात धार अडकली की ती मुठीपाशी तुटून अंगावर येऊ शकते.

कोणतीही पटाशी आधी टेकणावर ठेवावी, मग धारेमागचा उतार लाकडाला टेकवावा आणि साल निघेपर्यंत मूठ हळूहळू उचलावी. हात-डोळे ही अल्लाहची अमानत आहे. चेहऱ्यावर संरक्षक काच लावल्याशिवाय लेथ सुरू करू नये.