हिरडीची कड आणि मशेरीचा डबा

तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या ढोकीत काय किंवा मराठवाड्यातील दुसऱ्या कोणत्याही गावात काय, सकाळी तोंड धुताना दात घासण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बाभळीची वा कडुनिंबाची काडी, चुलीतली राखुंडी, मीठ, काळे दंतमंजन, मशेरी आणि अलीकडे ब्रश व पेस्ट अशी तिची साधने बदलत गेली. त्यामुळे ग्रामीण भागातील दातांच्या दुखण्यांचे खापर केवळ आळसावर फोडणे अन्यायाचे ठरते. खरी अडचण अशी, की हे घासणे बहुधा दातांच्या दर्शनी, बाहेरून दिसणाऱ्या भागावर होते आणि हिरड्यांचा आजार मात्र दात जिथे हिरडीत शिरतो त्या कडेवर सुरू होतो. शिवाय घासण्याच्या साधनांपैकी एक, म्हणजे मशेरी, हे मुळात साधन नसून व्यसन आहे.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये, बोटाचे नख आणि त्याखालचे मांस यांच्यात असते तशी, एक उथळ खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली साधारण एक ते तीन मिलिमीटर भरते. दात कितीही स्वच्छ केले तरी काही तासांत त्यांच्यावर जिवाणूंचा एक मऊ, चिकट थर पुन्हा धरू लागतो, त्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात. हा थर चूळ भरून जात नाही, तो घासूनच काढावा लागतो, आणि तसा तो काढला नाही तर लाळेतील कॅल्शियमसारखी खनिजे त्यात साचून त्याचे दगडासारखे कठीण किटण बनते, जे मग कोणत्याही ब्रशला दाद देत नाही. हिरडीच्या कडेशी साचलेल्या या थराला शरीर प्रतिकार करते, त्यातून हिरडी सुजते, लाल होते आणि घासताना रक्त येऊ लागते. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 12 निरोगी व्यक्तींनी दात घासणे पूर्ण थांबवले, तेव्हा 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरडीतून रक्त येते म्हणून तेवढा भाग न घासता सोडून देण्याची जी सर्वसाधारण प्रवृत्ती आहे, ती किती उलटी आहे हे या प्रयोगावरून कळते. सूज या टप्प्यावर आवरली नाही, तर काही जणांत ती खाली उतरून दाताला धरून ठेवणारे धागे आणि हाड झिजवू लागते. ही झीज बहुतेक वेळा दुखत नाही, त्यामुळे दात हलू लागेपर्यंत कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि गेलेले हाड सहसा परत भरून येत नाही.

मशेरी, जिला कोणी मिश्री वा मिसरी म्हणतात, ती तयार करण्याची रीत साधी आहे. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, त्या वेळी उठणाऱ्या ठसक्याने घरभर खोकला लागतो, मग ती कुटून चाळायची आणि ती भुकटी एखाद्या छोट्या डबीत भरून ठेवायची. बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर फिरवताना ती काही वेळ तोंडात राहू दिली जाते, आणि त्या अवधीत तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून निकोटिन रक्तात उतरते. म्हणूनच दात घासण्यासाठी सकाळी एकदा लावलेली मशेरी पुढे दुपारी, कामाच्या मध्यंतरात आणि झोपण्यापूर्वीही लागू लागते, आणि दातांशी तिचा संबंध नावापुरता उरतो. ज्या घरात बाईने तंबाखू खाणे कमीपणाचे मानले जाते, तिथेही मशेरी दंतमंजनाच्या नावाखाली उजळ माथ्याने वावरते, ही या व्यसनाची खरी ताकद आहे.

या पदार्थाचे परिणाम महाराष्ट्रातच मोजले गेले आहेत. पुणे जिल्ह्यातील 1,01,761 ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी करून फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखकर्करोग व त्याच्या पूर्वावस्थांचा जो अभ्यास केला, तो 1972 साली प्रसिद्ध झाला. पुढे 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील 1,217 गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, म्हणजे तिथे मुख्यतः मशेरीच, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन इतर घटकांचा हिशेब धरूनही सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळले; हिरडीवर चोळलेली गोष्ट गर्भापर्यंत पोहोचते, याचा याहून ठोस पुरावा शोधण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने 1992 साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली ती उचलून धरली, परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत असा कायदा पोहोचणे अवघडच होते.

ढोकीकरांना या संदर्भात दूर जाण्याची गरज नाही. शेजारच्या बार्शीत, नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, 1987 पासून बार्शीसह भूम आणि परंडा या तालुक्यांतील खेड्यांची कर्करोग नोंदणी चालत आली असून, ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली ती देशातील पहिली नोंदणी होय. गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगणे हा तिच्या कामाचा भाग राहिला आहे, आणि तोंडापुरते बोलायचे तर ती लक्षणे थोडकी आहेत: दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरेसे न उघडणे. मशेरीचे बोट जिथे रोज टेकते तिथली हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडणे हेही दुर्लक्ष करण्याजोगे नसते.

घासण्याची योग्य पद्धत अमेरिकन वैद्य चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिचा गाभा एवढाच, की मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेवर सुमारे 45 अंशांनी तिरका टेकवून, केसांची टोके त्या खाचेत किंचित शिरतील अशा बेताने, जागच्या जागी थरथरल्यासारखा हलवायचा आणि मग पुढच्या दोन-तीन दातांकडे सरकायचे. आडवे, जोर लावून घासल्याने दातांच्या मुळाशी खाचा पडतात आणि थंड पाणी झोंबू लागते. दोन जागांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडत असल्यामुळे किटण तिथे सर्वांत लवकर जमते: खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. मशेरी लावणारे बोट किंवा घाईने फिरवलेला ब्रश नेमका याच दोन जागांना टाळून जातो. दोन दातांमधल्या फटीत तर ब्रशही पोहोचत नाही. तिथे काडेपेटीची काडी किंवा सेफ्टी पिन घालून हिरडी जखमी करण्यापेक्षा दातांसाठी मिळणारा बारीक दोरा किंवा फटीत जाणारा छोटा ब्रश वापरणे बरे.

काडीची मात्र सरसकट हेटाळणी करू नये. चरकसंहितेत दातवण करताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये असे सांगितले आहे, आणि नीट चघळून मऊ कुंचा केलेली कडुनिंबाची काडी बाहेरच्या बाजूचा थर काढू शकते. तिची मर्यादा एवढीच, की ती आतल्या बाजूला वळत नाही आणि तिच्यात फ्लोराइडचे मोजून दिलेले प्रमाण नसते. फ्लोराइड हे दाताच्या वरच्या कठीण आवरणाला आम्लापासून वाचवणारे खनिज असून भारतात टूथपेस्टमध्ये ते दहा लाख भागांत 1,000 भागांपर्यंत घालता येते. घासल्यावर फेस थुंकून टाकावा, पण लगेच भरपूर चुळा भरू नयेत, म्हणजे ते दातांवर राहते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, कारण ती ते गिळतात. जिथे बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमहून अधिक असते, तिथे मुलांच्या दातांवर डाग येऊ शकतात, म्हणून पाण्याची तपासणी करून घ्यावी. राखुंडी आणि कोळशाच्या भुकटीबाबत फार बोलण्यासारखे नाही. त्या दात खरवडतात.

मधुमेहाचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण साखर आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात आणणे अधिक कठीण करते. गोडाने दाताला कीड लागते ती निराळ्या मार्गाने, जिवाणूंनी साखरेपासून बनवलेल्या आम्लामुळे, आणि त्यात दिवसभर थोडे थोडे गोड खाणे हे एकदाच पोटभर खाण्यापेक्षा अधिक घातक असते.

जमलेले किटण दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. त्याने दात ढिले होतात हा समज एका खऱ्या अनुभवातून आला आहे: हाड आधीच झिजलेले असते, किटणाच्या थराने दात एकमेकांना जखडलेले असतात, आणि तो थर निघताच त्यांचे हलणे जाणवते. मशेरी सोडताना अडचण वेगळी असते. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी तक्रार बायका करतात, ती निव्वळ बहाणा नसते, कारण निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते आणि ते बंद झाल्यावर काही दिवस मलावरोध, चिडचिड आणि डोकेदुखी जाणवू शकते. सकाळी कोमट पाणी, आहारात पालेभाजी व कडधान्ये, आणि डबी घरात न ठेवणे यांनी हा काळ निभावता येतो, आणि 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर विनामूल्य समुपदेशन मिळते.