ग्वाल्हेरचा वाडा आणि डबऱ्याची मंडी

दरवर्षी आषाढी वारीच्या आधी अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीकडे निघतात, तेव्हा चिकोडी तालुक्यातला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून हात जोडतो. माउलींच्या पालखीचा हा मान आपल्या मातीतला आहे, याचा आम्हा सीमावासीयांना सार्थ अभिमान आहे. पण या घराण्याचे एक नाते ग्वाल्हेरशी आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. महादजी शिंद्यांची कन्या बाळाबाई शितोळ्यांच्या घरात दिली होती. पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हेही शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरला नोकरीस होते. म्हणजे अंकली आणि ग्वाल्हेर ही गावे नकाशावर दूर असली तरी परकी नाहीत.

मग प्रश्न असा, की ज्या ग्वाल्हेरवर मराठी घराण्याने जवळजवळ दोनशे वर्षे राज्य केले, तिथे आज मराठीची गत काय? आणि ज्या आमच्या गावांना मराठी राजा नाही, दरबार नाही, तिथे मराठी कशाच्या बळावर टिकली? भाषेच्या प्रश्नावर विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा मांडून पाहावा, असे आम्हाला वाटते.

लष्करातील मराठी

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. त्या छावणीचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. आजही तिथे फिरताना मराठी माणसाचे कान टवकारतात. शिंदे की छावनी, पाटणकर बाजार, फालका बाजार, खासगी बाजार, चिटणीस की गोठ अशी नावे पाट्यांवर दिसतात. ही ‘गोठ’ म्हणजे आपला ‘गोट’, सरदाराचा तळ. शब्दाचा उच्चार हिंदी झाला, मूळ मराठीच राहिले.

या लष्कराने मराठीला दिलेले देणे लहान नाही. बेडगचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकून मिरज-इचलकरंजीकडे आले आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याच हाताखाली तयार झाले. भातखंड्यांनी 1918 मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय उभे केले. कवी भा. रा. तांबे यांचा जन्म 1874 चा, ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचा. ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि 1941 मध्ये तिथेच वारले. 1961 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले. कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्षा होत्या, आणि संमेलनाच्या इतिहासातील त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव करणारे 1946 चे संमेलन बेळगावात झाले, त्यानंतर पंधरा वर्षांनी हे ग्वाल्हेरचे. दोन्ही ठिकाणे आज महाराष्ट्राबाहेर.

हे सारे वैभव खरे. पण ते शहराच्या वेशीपर्यंतचे. वेस ओलांडली की काय दिसते?

वेशीबाहेरची गावे

ग्वाल्हेरहून झांशीच्या लोहमार्गाने दक्षिणेला निघाले की आंतरी लागते, पुढे डबरा. बाजूला बिलौआ, पिछोर, भितरवार. जिल्ह्यातली ही लहान नगरपालिका-गावे. डबरा त्यातले मोठे, 2011 च्या जनगणनेत साठ हजारांच्या घरातले. बाकीच्या नगर परिषदा आपल्या खानापूर, संकेश्वरच्या जातीच्या. नाव नगराचे, जीव शेतीचा. सकाळी नगर परिषदेचा नळ येतो आणि दुपारी माणूस शेतावर असतो.

कर्कवृत्त भोपाळच्या थोडे उत्तरेने जाते, म्हणजे ही गावे उष्ण कटिबंधाच्या अगदी उंबऱ्यावरची. मे महिन्यात लू वाहते, आणि जे पिकते ते पाण्याच्या जोरावर. पाणी आणले ते संस्थानानेच. पहिल्या माधवराव शिंद्यांच्या काळात पाटबंधाऱ्यांची कामे जोराने निघाली. 1935 मध्ये भितरवारजवळ पार्वती नदीवर हरसीचे मातीचे धरण झाले. त्याच्या कालव्यांनी डबरा-भितरवारचा पट्टा बदलला. गव्हाच्या आणि मोहरीच्या जोडीला भात आला. पंजाबकडचे शीख शेतकरी येऊन जमिनी कसू लागले. डबऱ्याला साखर कारखाना निघाला, तो आता बंद पडला आहे. धान्याची मंडी मात्र भरते, आणि भाताच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात.

आता लक्षात घ्या. धरण मराठी राजाच्या संस्थानाने बांधले, पण त्या पाण्यावर शेती करणारा शेतकरी बुंदेली-ब्रज वळणाची हिंदी बोलणारा, नाहीतर पंजाबी. मराठी मंडळी तिथे जहागीरदार होती, सरदार होती, कारकून, शिपाई, शिक्षक, गवई होती. ती राहिली लष्करात. खेड्यातला वसूल लष्करात आला, पण लष्करातली भाषा खेड्यात गेली नाही. शिंद्यांचे दप्तर बराच काळ मोडी मराठीत चाले, पण कुळाला त्यातले अक्षर कळत नव्हते. पुढे दप्तराची भाषाही बदलली, तेव्हा खेड्याला त्याची खंत वाटण्याचे कारणच नव्हते.

28 मे 1948 रोजी मध्य भारत राज्य झाले. दरबार गेला. त्याबरोबर मराठीची सरकारी गरजही गेली. घरात, कीर्तनात, गणेशोत्सवात, गाण्याच्या बैठकीत ती राहिली आणि आजही आहे. तिथल्या मराठी कुटुंबांनी ती निष्ठेने जपली आहे, त्यांना आमचा नमस्कार. पण आंतरीच्या किंवा भितरवारच्या नगर परिषदेत कुणी मराठीत अर्ज मागत नाही, कारण तो देणारा तिथे नाही. मागणी नाही म्हणून तक्रारही नाही.

याच आंतरीत अबुल फजलची कबर आहे. 1602 मध्ये शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने त्याला मारले. ज्या बादशाहीचा इतिहास त्याने फारसीत लिहिला, तिच्या दरबाराची ती भाषा आज आंतरीत कोण बोलतो? दरबाराच्या जोरावर आलेली भाषा दरबाराबरोबर जाते, ती फारसी असो की आमची मराठी.

आमच्याकडे उलटे आहे

1 नोव्हेंबर 1956 ही तारीख सीमाभागात पोरासोरांना पाठ आहे. त्या दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी ग्वाल्हेर मध्य प्रदेशात गेले. एकाच दिवशी दोन्हीकडच्या मराठी माणसाला नवे राज्य मिळाले. फरक एवढाच, की ग्वाल्हेरच्या मराठीकडे वाडा होता आणि शेत नव्हते. आमच्याकडे वाडा कधीच नव्हता, शेत होते.

आमच्याकडे भात लावणारी बाई मराठीत गाते, बैलाला हाक मराठीत जाते, बाजारात ‘तोलाई किती, हमाली किती’ हे मराठीत विचारले जाते. गंमत पाहा, हमाल, दलाल, अडत हे शब्द डबऱ्याच्या मंडीतही असेच चालतात. बाजाराचे शब्द सगळीकडे भाऊबंद. 1981 च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनात मराठी आणि कानडी शेतकरी एकाच रस्त्यावर बसले होते, गोळीबारही दोघांनीच सोसला. शेतकऱ्याचे भांडण भावाशी असते, शेजाऱ्याच्या भाषेशी नसते, हे आम्ही तेव्हाच पाहिले.

मग आमच्याकडे कमी काय आहे? कागद. उताऱ्याचे संगणकीकरण झाले आणि ‘भूमी’चा उतारा कन्नडात हातात पडू लागला. सत्तर वर्षांचा शेतकरी आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो. घरपट्टीची नोटीस, पाणीपट्टीची पावती, सभेचा अजेंडा यांचे तेच. आम्ही स्वतः एका कार्यालयात मराठी अर्ज दिला, तो न वाचताच परत आला. ग्वाल्हेरात कागद होता आणि खाली बोलणारा नव्हता. इथे बोलणारा आहे आणि वर कागद नाही. दोन्ही स्थितीत भाषा अर्धीच उरते, आणि अर्धी भाषा एका पिढीत पाव होते.

लहान नगरपालिका हीच मोठी जागा

मोठा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे चालेल. पण रोजची भाषा ठरते ती आमच्या पट्टण पंचायतीत, ग्रामपंचायतीत आणि प्राथमिक शाळेत. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. तिने खेड्यातून शहराकडे निघालेल्या वस्तीला नगर पंचायत म्हणून घटनेत जागा दिली. पाणी, दिवाबत्ती, बाजार, जन्म-मृत्यूची नोंद हे सारे तिच्याकडे. माणसाचे नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर चढते ते इथेच.

आणि कायदा, करार यांनी आपल्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. घटनेचे कलम 350 सांगते, की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. कलम 350-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र 1949 पासूनचे आहे. 1961 च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने असेही मान्य केले, की जिल्हा किंवा नगरपालिका, तालुका यांसारख्या लहान क्षेत्रात भाषिक अल्पसंख्य 15 ते 20 टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात. ‘नगरपालिका’ हा शब्द त्यात आहे, हे विसरू नका. आपल्या कित्येक गावांत मराठी माणूस या आकड्याच्या कितीतरी पुढे आहे.

पण सूत्र आपोआप चालत नाही. वर्गात 10 मुले हवीत, तर ती कुणीतरी पाठवायला हवीत. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांनी नोकरीच्या भाषेत मुले घातली, कारण त्यांच्यापुढे दुसरी वाट फारशी नव्हती. आपल्यापुढे आहे, आणि तरीही मोर्चात पुढे असणाऱ्या काही घरांतली मुले मराठी शाळेच्या दारावरून पिवळ्या गाडीत बसून जातात. हे आम्ही शिक्षक रोज पाहतो आणि गप्प बसतो. आता बसू नये.

तेव्हा, वाचकहो, सभेत टाळ्या वाजवण्याआधी चार कामे करू या. प्रत्येक अर्ज मराठीत द्या, सोबत कन्नड प्रत जोडा आणि पोच घ्या. वॉर्डातल्या मराठी घरांची मोजणी करून टक्केवारी सदस्याच्या हाती द्या, म्हणजे 1961 चे सूत्र दाखवून सूचना मराठीत मागता येईल. सोसायटीचे, दूध संघाचे, महिला मंडळाचे हिशेब मराठीत ठेवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि कन्नड शिका, मुलांनाही शिकवा. आपला उतारा आपल्याला वाचता आला पाहिजे, त्यात कमीपणा नाही. शेजाऱ्याची भाषा येणारा माणूस आपली भाषा अधिक ठामपणे मागू शकतो.

शाळेचे दप्तर नव्या वर्षासाठी लवकरच उघडेल. प्रत्येक गावच्या समितीने पहिलीत येणाऱ्या मुलांची यादी आजच करावी, आणि घरोघर जाऊन दहाचा आकडा गाठावा. अकरावे मूल मिळाले तर फारच उत्तम.