नव्या बंदुकीची पहिल्या बारापूर्वींची सिद्धता

पाटण, जावळी व शिराळा तालुक्यांतील डोंगरकडेच्या शेतकरी बंधूंस रानडुकरांचा उपद्रव काय असतो हें आम्हीं सांगावयास नको. कोयना व चांदोली येथील अरण्यें मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. त्याच्या कडेच्या गांवांतून भुईमुगाचें रान किंवा उसाचा फड एका रात्रींत उद्ध्वस्त होतो. अशा वेळीं कित्येक खातेदार पीक-संरक्षणाचा परवाना काढून बंदूक घेतात. आम्ही कचेरींत कारकून असतां अशीं अनेक प्रकरणें आमच्या हातांखालून गेलीं. अर्ज कसा करावा हें विचारणारे पुष्कळ भेटले. परंतु बंदूक घरीं आल्यावर पहिला बार काढण्यापूर्वीं काय करावें, हें विचारणारा क्वचितच भेटला. निवृत्तीनंतर आम्हीं स्वतः बंदूक घेतली, तेव्हां आम्हांसही तें पुरतें ठाऊक नव्हतें. म्हणून हा लेख.

प्रथम कागद पाहावे. बंदुकीवर कोरलेला क्रमांक व बोअर परवान्यांतील नोंदीशीं अक्षरशः जुळला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना मिळाला म्हणजे जनावर मारण्याची मुभा मिळाली, असें मात्र नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा निराळा आहे. रानडुकरासाठींही वनाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि गवा तर पहिल्या अनुसूचींतील प्राणी आहे. लग्नांत व मिरवणुकींत हवेंत बार काढणें हा २०१९ च्या दुरुस्तीनें स्वतंत्र गुन्हा झाला आहे.

आतां बंदुकीकडे वळूं. हातीं घेतांच नळी निर्धोक दिशेकडे ठेवून बंदूक मोडावी व दोन्ही घरें रिकामीं आहेत हें डोळ्यांनीं पाहून बोटानेंही चांचपावें. काडतुसें त्या खोलींत नसावींत. कारखान्यांतून निघतांना लोखंड गंजूं नये म्हणून नळ्यांत व कळसूत्रांत घट्ट वंगण भरलेलें असतें. तें पेटींतील मुक्कामासाठीं असतें, बारासाठीं नव्हे. त्यांत धूळ बसते, आणि थंडींत तें घट्ट होऊन सुईची चाल मंद करतें. याकरितां गजास स्वच्छ चिंधी लावून ती काडतुसाच्या घराकडून तोंडाकडे न्यावी. आधीं साफ करण्याच्या तेलाची चिंधी, मग कोरडी, आणि कोरडी चिंधी पांढरी निघेपर्यंत हेंच चालवावें. शेवटीं बिजागरीस तेलाचा एकच थेंब द्यावा. तेल अधिक घातल्यास तें दस्त्याच्या लांकडांत मुरतें व लांकूड कुजतें.

नंतर चाल तपासावी. बंदूक मिटतांना ती हलल्याविना घट्ट बसते काय, खटका मागें असतां चाप ओढला जात नाहीं ना, पुढचा चाप उजवी नळी व मागचा डावी नळी सोडतो काय, हें पाहावें. मात्र रिकाम्या घरावर सुई पुनःपुन्हां आपटूं नये, सुई मोडते. त्यासाठीं मिळणारीं खोटीं काडतुसें वापरावींत. दस्त्याचे स्क्रू सैल असल्यास आवळावे.

काडतुसांविषयीं विशेष सावधगिरी हवी. एका रत्तल शिशाच्या बारा समान गोळ्या केल्यास एका गोळीचा जो व्यास होईल, तो १२ बोअर. म्हणजे सुमारें साडेअठरा मिलिमीटर. २० बोअरचें काडतूस त्याहून बारीक असतें. तें चुकून १२ बोअरच्या नळींत घातल्यास आंत सरकून पुढें अडकतें, आणि घर रिकामें दिसतें. मागून १२ चें काडतूस घालून बार काढला कीं नळी फुटलीच म्हणून समजावें. याच कारणास्तव अनेक देशांत २० बोअरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करतात. तसेंच नळीवर ६५ मिलिमीटर लिहिलें असेल, तर ७० चें काडतूस घालूं नये. तें आंत जातें खरें. परंतु बाराच्या वेळीं त्याचें तोंड उलगडण्यास जागा उरत नाहीं व दाब भलताच वाढतो.

येथें आमची चूक सांगणें अगत्याचें आहे. आम्हीं घरीं नळ्या मोठ्या उत्साहानें पुसल्या व चांदमारीस गेलों. तेथील एका वयस्क हवालदारांनीं काडतूस घालण्याआधीं बंदूक मोडून नळ्या आकाशाकडे धरल्या. उजवींत लख्ख प्रकाश, डावींत काळोख! आमच्या चिंधीचा तुकडा गजापासून सुटून, डावी नळी तोंडाशीं अधिक आवळलेली असल्यानें, तेथेंच बसला होता. त्यावर बार निघाला असता, तर नळी फुगली किंवा फाटली असती, आणि डावा हात तिच्याच खालीं असतो. हवालदार इतकेंच म्हणाले, “रावसाहेब, पुसलीत, पण पाहिली नाहींत.” उभा जन्म दुसऱ्यांच्या कागदांवर ‘तपासून बरोबर’ असा शेरा मारणाऱ्या आम्हांस तें फार लागलें, आणि लागावयासच हवें होतें.

चांदमारीवर कानांत बोळे व डोळ्यांस चष्मा असावा. पहिले बार एकेकच काडतूस घालून काढावे. मग ४० यार्डांवर, म्हणजे सुमारें साडेछत्तीस मीटरांवर, मोठा कागद लावून प्रत्येक नळीचा बार निराळा घ्यावा व छर्रे जेथें दाट पडले तेथें ३० इंच व्यासाचें वर्तुळ आंखून भोकें मोजावींत. पूर्ण आवळलेली नळी सुमारें शेंकडा ७० छर्रे त्यांत टाकते, अर्धी आवळलेली ६०, सरळ नळी ४०. आपली बंदूक कोठें व किती मारते हें अंधाऱ्या रात्रीं बांधावर कळून उपयोग नाहीं. तें येथेंच कळावें. घरीं परततांच नळ्या पुन्हां पुसाव्या व बंदूक आणि काडतुसें निरनिराळ्या कुलपांत ठेवावीं.

निवडणुकीच्या वेळीं ठाण्यांत जमा केलेली बंदूक परत आली म्हणजे तीही नवीच समजावी. आपल्या गांवीं एखादे निवृत्त सैनिक असतीलच. पहिल्या वेळीं त्यांस सोबत न्यावें. आणि दरवेळीं, अगदीं दरवेळीं, काडतूस घालण्यापूर्वीं नळींतून आकाश पाहावें. त्यास दोन पळेंही लागत नाहींत.