पाट्या अनेक, भटारखाना एक

परवा एका स्नेह्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले, "क्रोमला रामराम ठोकला, आता ब्रेव्ह वापरतो!" त्यांचा विरस करणे जिवावर आले. वाचकहो, ब्रेव्ह, एज, ऑपेरा, विवाल्डी या पाट्या निराळ्या. भटारखाना मात्र एकच, क्रोमचे 'ब्लिंक' इंजिन. पानाची सांकेतिक भाषा वाचून अक्षरे नि चित्रे पडद्यावर मांडावयाची, हे या इंजिनाचे काम.

पूर्वी असे नव्हते. ऑपेराचे स्वतःचे 'प्रेस्टो' होते. २०१३ मध्ये ते सोडले गेले. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये घरचे इंजिन बाजूस सारले. आता ब्लिंकखेरीज मोठी इंजिने दोनच: सफारीचे 'वेबकिट' आणि फायरफॉक्सचे 'गेको'. त्यातही ब्लिंक हे २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालेले, म्हणजे भाऊबंदच.

यात बिघडले कुठे? सर्वत्र एकच इंजिन झाले की पाने बनविणारे तेवढ्यापुरतेच तपासतात. इंटरनेट एक्स्प्लोररच्या भरभराटीत हेच झाले. दक्षिण कोरियात तर बँकेचे व्यवहार वर्षानुवर्षे त्याच्यावाचून अडत.

निराळेपण हवे असेल तर फायरफॉक्स सर्वांत सोयीचा. गेकोपासून निघालेल्या 'गोआना' इंजिनावरचा पेल मून हौशी मंडळींसाठी. घरात जुना संगणक धूळ खात असेल तर २००२ साली सुरू झालेला नेटसर्फ किंवा त्याहून जुना डिलो घालून पाहावा. दोन्ही अगदी हलके. लेख वाचावयास ठीक. बँकेचे काम त्यांच्यावर सोपवू नये. अगदी पायापासून नवी बांधणी पाहावयाची असेल तर अँड्रियास क्लिंग यांचा लेडीबर्ड आणि मोझिलाने २०१२ मध्ये सुरू केलेले, आता लिनक्स फाउंडेशन युरोपकडे असलेले 'सर्वो' आहे. रोजच्या वापराला दोन्ही अजून कच्ची. आयफोनवर मात्र ही शोधाशोध बहुधा व्यर्थ; तेथे फायरफॉक्सही वेबकिटवरच चालतो.

कोणताही नवा ब्राउझर घेतलात की आधी एखादे मराठी पान उघडा. 'वर्षा'चा रफार आणि 'स्थिती'ची पहिली वेलांटी जागच्या जागी आहेत ना, ते पाहा. नसतील तर पडद्याचे चित्र निर्मात्यांना अवश्य पाठवा. ही मंडळी मोजकी आहेत, आणि त्यांच्यात देवनागरी वाचणारा कोणी असेलच असे नाही.