पिठाचं पाणी आणि सोयाचं दूध
दसऱ्याच्या आगेमागे केज, धारूर, वडवणीकडं दोन गोष्टी एकदमच घडतात. सोयाबीनची मळणी उरकून पोती आडतीवर जातात आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात. शाळेतली पोरं आजीपाशी राहतात, धाकटी आईबापाबरोबर फडावर जातात. पहाटे कोपीपुढं तीन दगडांच्या चुलीवर जो चहा होतो, तो बहुतेकदा कोरा. पोराला त्यातच बिस्किट बुडवून मिळतं.

आडतीवर गेलेल्या त्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅममागं 35 ते 40 ग्रॅम प्रथिनं असतात. तेल बाजारात जातं, पेंड कोंबड्यांना. पिकवणाऱ्याच्या घरातलं पोर मात्र चहा-बिस्किटावर.

महाभारतातला अश्वत्थामा पिठाचं पाणी पिऊन ‘मी दूध प्यालो’ म्हणत नाचला होता. ती द्रोणाचार्यांच्या गरिबीची गोष्ट. आज तेच पाणी पैसे मोजून मिळतं. बदाम किंवा तांदळाच्या बहुतेक पेयांत शंभर मिलिलीटरला जेमतेम अर्धा-एक ग्रॅम प्रथिनं. गाईच्या दुधात तीन ग्रॅमच्या वर. नारळ सोडला, तर अशा पेयांना ‘दूध’ म्हणून विकायला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आडवा येतो. 2021 मध्ये त्यांनी ऑनलाइन विक्रेत्यांनाही तशी तंबी दिली. पांढरा रंग हा काही पोषणाचा पुरावा नव्हे.

प्रथिनांत दुधाच्या जवळ जाणारं म्हणजे मुख्यतः सोयाबीनचं. गांधीजींनी 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन जेवणात आणून पाहिलं होतं. पुढं म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं शेंगदाण्याची प्रथिनं आणि म्हशीचं दूध मिसळून ‘मिल्टोन’ काढलं, तेही मुलांसाठीच. म्हणजे दुधाला असा पर्याय शोधण्याचं खूळ आपल्याकडंही जुनंच आहे.

घरी करायचं तर सोयाबीन रात्रभर भिजवायचं. सकाळी चोळून सालं काढायची आणि उकळत्या पाण्याबरोबरच वाटायचं. गार पाण्यात वाटलं की तो हिरवट उग्र वास सुटतो आणि पोरं तोंड फिरवतात. मग धोतराच्या फडक्यातून गाळायचं. खरी मेख पुढं आहे. भांड्यात फेस वर आला की उकळी आली असं वाटतं, आलेली नसते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, म्हणून फेस बसल्यावर पंधरा-वीस मिनिटं ढवळत खळखळ उकळायलाच हवं. उरलेला चोथा थालिपिठात जातो.

एवढं करूनही ते दूध होत नाही. गाईच्या दुधात शंभर मिलिलीटरला सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम, घरच्या सोयादुधात त्याचा पाचवा हिस्सा. ती तूट तीळ आणि नाचणीनं भरावी लागते. तिळात तर शंभर ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. भाकरीबरोबर तिळाची चटणी आपण चवीसाठी खातो, पण पोराच्या हाडांचाही तो हिशेब आहे.

वर्षाच्या आतल्या लेकराला मात्र यातलं काहीच आईच्या दुधाऐवजी द्यायचं नाही. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, पुढं वरच्या जेवणाबरोबर किमान दोन वर्षांचं होईपर्यंत तेच. मोठ्या पोराचं गाई-म्हशीचं दूध प्यायलं की पोट बिघडतं म्हणून आजी परस्पर त्याचं दूध तोडते. त्याआधी डॉक्टरला दाखवावं. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. न पचणाऱ्या कित्येकांना दही चालतं.

राहिलं बी-12 जीवनसत्त्व. ते कुठल्याच झाडाला लागत नाही. दही-ताक नसेल, तर अंडं. आपल्याच सोयाबीनची पेंड खाल्लेल्या कोंबडीचं.