गोळी थांबली, आता हे काय होतंय?

मागच्या वेळी नैराश्याच्या गोळ्या काम कशा करतात, यावर आपण बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर बाहेर चपला घालताना चार-सहा जणांनी आम्हाला थांबवलं आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलं: "सुरू कशी करायची ते सांगितलं, पण सोडायची कशी?" आजचा विषय तोच.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. ही कोणा एकीची गोष्ट नाही, अनेकींची मिळून केलेली आहे. सून आखाजीला माहेरी जाते. गोळी चालू आहे हे माहेरी सांगितलेलं नसतं, म्हणून पाकीट धुळ्यालाच ठेवते. पहिले दोन दिवस झोका, गाणी, सगळं छान. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की गरगरतं, मळमळतं, रात्री भलभलती स्वप्नं पडतात, कारण नसताना रडू येतं. ती आईला सांगते, "मन्हा डोकामा करंट मारस." आईला वाटतं ऊन लागलं. शेजारीण म्हणते नजर लागली. आणि तिला स्वतःला वाटतं, आजार परत आला, आता ही गोळी जन्माची! तिघींचाही अंदाज चुकलेला असतो.

डोक्यातला तो करंट हे गोळी एकदम थांबल्याचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. ही गोष्ट नवीनही नाही. इमिप्रामीन हे नैराश्यावरचं सुरुवातीचं औषध. ते थांबवल्यावर असा त्रास होतो, हे १९५९ सालीच डॉक्टरांनी नोंदवलं होतं. मेंदूला औषधाची सवय झालेली असते, त्याने आपला कारभार त्या हिशेबाने लावून घेतलेला असतो. औषध अचानक गेलं की तो कारभार पुन्हा बसवायला वेळ लागतो. याला व्यसन म्हणू नका. व्यसनात ओढ असते, मात्रा वाढवत न्यावीशी वाटते. तसं या गोळ्यांचं होत नाही. पण "व्यसन नाही" याचा अर्थ "त्रास होणारच नाही" असा घेऊ नका. ही चूक आम्ही डॉक्टर लोकांनीही पुष्कळ वर्षं केली.

किती जणांना होतो हा त्रास? २०२४ साली अनेक अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. गोळी थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना त्रास झाला. गंमत म्हणजे, ज्यांना नुसती खोटी, औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांतल्याही १७ टक्के लोकांना ती थांबल्यावर त्रास झाला. म्हणजे थोडा भाग भीतीचाही असतो. तीव्र त्रास शंभरात साधारण तिघांना. मात्र यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी गोळी थोडेच महिने घेतली होती. पाच-सात वर्षं घेणाऱ्याने हा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नये.

आता मुख्य मुद्दा. हा सोडण्याचा त्रास की आजार परत येतोय, हे ओळखायचं कसं? वेळ बघा. सोडण्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो. शिवाय त्यात नवीन, शरीराच्या तक्रारी असतात: करंट, चक्कर, मळमळ, घाम. गोळी परत सुरू केली की बहुधा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. आजार मात्र हळूहळू, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतो, आणि जुनीच लक्षणं घेऊन येतो. तेव्हा गोळी घेतली तरी गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. म्हणून कॅलेंडरवर लिहून ठेवा: कमी कधी केली, त्रास कधी सुरू झाला. तेवढ्या दोन तारखा डॉक्टरला फार उपयोगी पडतात.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. फ्लुओक्सेटिन शरीरातून अगदी सावकाश, आठवडे घेत जाते, त्यामुळे तिचा त्रास कमी. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन लवकर उतरतात; व्हेनलाफॅक्सिनचा एक डोस चुकला तरी काहींना कळतो. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी एस्सिटालोप्राम मधली. साधारण ३० तासांत ती निम्मी होते. म्हणून "एकाआड एक दिवस घेऊन सोडतो" हा उपाय आम्हाला पटत नाही. दोन दिवसांत ती तृतीयांशावर येते, परत चढते, परत उतरते. मेंदूला रोजचेच हेलकावे.

मग कमी कशी करायची? इथे एक विहीर डोळ्यांपुढे आणा, जिच्या वरच्या पायऱ्या बुटक्या आणि खालच्या उंच आहेत. सिटालोप्राम २० मिलिग्रॅम घेतली तर मेंदूतल्या ज्या जागांवर ती काम करते, त्यांतल्या ८० टक्के व्यापल्या जातात. ९ मिलिग्रॅमवर आलात तरी ७० टक्के व्यापलेल्याच! पण सव्वादोन मिलिग्रॅमवर ४० टक्के असतात, आणि तिथून शून्यावर आलात की एकदम ४० चे शून्य. लोक म्हणतात, "अर्धी केली तेव्हा काहीच झालं नाही, शेवटची चतकोर सोडली आणि आडवा झालो." ते खरं सांगत असतात. म्हणून शेवटी शेवटी जास्त हळू, आणि प्रत्येक पायरीवर काही आठवडे. त्रास झाला तर एक पायरी वर, यात हार काही नाही. लांबवर काम करणाऱ्या, एक्सआर किंवा एसआर लिहिलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने तोडू नका.

आता पाकीट वाचायची सवय लावा, हे आम्ही हात जोडून सांगतो. आपल्या भागात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम अशी जोडगोळी फार चालते. माणसाला वाटतं आपण एकच गोळी घेतो. ती अचानक बंद केली की दोन औषधं एकदम बंद होतात, आणि क्लोनाझेपाम एकदम बंद करणं जास्त धोक्याचं: झोप उडते, हातपाय थरथरतात, फिटही येऊ शकते. ही दोन औषधं डॉक्टरांकडून वेगळी करून घ्या आणि एकेक करून कमी करा.

वेळही निवडून घ्या. पेरणीच्या धामधुमीत, कापसावर फवारणी चालू असताना, घरात लग्न असताना कमी करायला बसू नका. चक्कर येत असेल तर मोटरसायकल चालवू नका, दारू नको, जागरण नको. घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. आणि मनात जीव द्यायचे विचार आले तर वाट बघू नका; लगेच हिरे मेडिकल कॉलेज गाठा, किंवा टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, रात्रीही चालतो.

शेवटी दोन प्रश्न घेतले.

"मला बरं वाटतं, पाच वर्षं झाली. सोडायलाच पाहिजे का?" नाही. इंग्लंडमधल्या २०२१ च्या एका अभ्यासात बऱ्या झालेल्या लोकांपैकी गोळी थांबवलेल्या ५६ टक्के जणांचा आजार वर्षभरात उलटला. चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के. म्हणजे थांबवूनही कित्येक जण बरे राहिले, आणि चालू ठेवूनही काहींचा उलटला. आजार आधी किती वेळा आला होता, ते बघून डॉक्टरांबरोबर ठरवा.

मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "पोरीले दिवस गेले, सासूनी गोळ्या फेकी दिन्ह्यात." मावशी, आज रात्रीची गोळी चुकू देऊ नका. उद्या सकाळी पोरीला आणि रिकामं पाकीट घेऊन या. गरोदरपणात काही गोळ्या चालतात, काही बदलतात. ते बघून ठरवू, आणि सासूबाईंनाही सोबत आणा.