अठ्ठावीस की ब्याऐंशी?

"अठ्ठावीस लिही," मी म्हटलं आणि तिनं फळ्यावर ८२ लिहिलं. अक्षर वळणदार, चेहऱ्यावर शंका नाही. मागच्या बाकांवरून हसू आलं. शिक्षिका म्हणून माझं ते पहिलंच वर्ष. मी 'चूक' म्हणत ते पुसलं आणि दुसऱ्या मुलाला उभं केलं. संध्याकाळी घरी जाताना सोलापुरातल्या अशोक चौकाच्या वळणावर लक्षात आलं की पोरीनं ऐकलं तेच लिहिलं होतं. अठ्ठ आधी, वीस नंतर.

ती तेलुगू बोलणाऱ्या घरातली. तेलुगूत अठ्ठावीस म्हणजे इरवै एनिमिदि, आधी वीस आणि मग आठ. आकडाही तसाच लिहितात, डावीकडे दोन, उजवीकडे आठ. कन्नडमध्ये इप्पत्तेंटु, तोच क्रम. मराठीत मात्र एकक पुढे येतो आणि दशक मागून. एकोणतीसमध्ये तर नऊचा उच्चारही नाही, तीसला एक कमी एवढंच. तेलुगूतलं इरवै तोम्मिदि सरळ वीस-नऊ सांगतं. घरी एका क्रमानं संख्या ऐकणाऱ्या मुलीला शाळेत दुसऱ्या क्रमानं ऐकावी लागत होती आणि हा फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'नव्वद तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांच्यावर पुष्कळ टीका झाली. मराठी बुडणार असं लोक बोलत होते. मला मात्र फळ्यावरचे ते ८२ आठवत होते. एकवीस, त्र्याण्णव हे शब्द सुंदर आहेत आणि मुलांना ते यायलाच हवेत. पण तिथवर जायला एक पायरी लागते. सोलापुरातल्या हजारो मुलांच्या घरात ती पायरी आधीपासूनच आहे, हे त्या चर्चेत कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. माझे पणजोबा निजामाच्या राज्यातून, करीमनगरकडून, मागावर काम मिळेल म्हणून इथे आले. त्यांच्यासारखी कितीतरी पद्मशाली कुटुंबं पूर्व भागात वसली. शेजारी कन्नड बोलणारे लिंगायत, पलीकडच्या गल्लीत उर्दू, बाजारात मराठी. मराठी माग, कन्नड मग्ग, तेलुगू मग्गम, एकाच लाकडी यंत्राची तीन नावं मी एका गल्लीत ऐकली. आमच्या घरी अव्वा म्हणजे आजी. शेजारच्या घरी अव्वा म्हणजे आई. लहानपणी शेजारची मैत्रीण "अव्वा मारील" म्हणाली की मला नवल वाटायचं, कारण आमची अव्वा कधी कुणाला मारत नसे. शब्द तोच, पण उंबरा ओलांडला की माणूस बदलायचं. हे आम्हाला पाचव्या-सहाव्या वर्षीच कळायचं, आणि मोठेपणी याच गोष्टीचा विसर पडायचा.

फळ्यावर ८२ लिहिणाऱ्या त्या मुलीच्या घरी मी पुढच्याच आठवड्यात गेले. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि मुलगी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं पानं कापत होती. पंचवीस विड्यांची एक जुडी, मजुरी हजारावर. मी सहज विचारलं, "आज सातशे झाल्या तर जुड्या किती?" पानावरची नजर न काढता ती तेलुगूत म्हणाली, "इरवै एनिमिदि." अठ्ठावीस. तोच आकडा. कसं काढलंस म्हटल्यावर तिनं सांगितलं, शंभराला चार, मग सात वेळा चार. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर सातशे भागिले पंचवीस मांडलं. ती खडू हातात घेऊन नुसती उभी राहिली.

बरीच वर्षं मला वाटत होतं की ही आमच्या विडी कामगारांच्या वस्तीपुरती गोष्ट आहे. तशी ती नाही. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. गिऱ्हाईक बनून हिशेब विचारला तेव्हा मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तसेच हिशेब शाळेतल्यासारखे नुसत्या आकड्यांत मांडले तर ३७ टक्के. मुलं फक्त पाच, म्हणून कुणी शंका घेईल. पण अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांवर केलेला अभ्यास २०२५ साली 'नेचर'मध्ये छापून आला, त्यातही हेच दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. शाळेत नीट शिकणाऱ्या मुलांना कागदावरची गणितं येत होती, पण बाजारातला तोंडी हिशेब जमत नव्हता. म्हणजे अडचण दोन्हीकडे आहे. ज्ञान जिथे मिळालं तिथेच बसून राहतं. त्याला दुसऱ्या जागी नेण्याचं काम कुणीतरी मुद्दाम करावं लागतं, आणि शिक्षकाचं काम तेच.

माझ्या स्वतःच्या दहावीच्या परीक्षेची गोष्ट सांगते. आमच्या घरात खालच्या खोलीत दोन यंत्रमाग होते, वर आम्ही. धोट्याच्या खटखटाटातच मी इतिहास पाठ केला. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळं शांत. पंख्याचा आवाज तेवढा. पहिल्या प्रश्नावर डोकं कोरं झालं, सनावळ्या गेल्या, नावं गेली. घाबरून मी डोळे मिटले आणि कशी कोण जाणे, मनातल्या मनात मागाचा ठेका मोजू लागले. थोड्या वेळानं पुस्तकाचं पान डोळ्यांपुढे आलं, डाव्या कोपऱ्यातल्या चहाच्या डागासकट.

यामागचं कारण मला डी.एड. झाल्यावर, वाचनातून कळलं. शिकताना आपण फक्त मजकूर साठवत नाही. भोवतालचा आवाज, जागा, मनःस्थिती त्याच्याबरोबर गुंफली जाते, ताण्यात बाणा जावा तशी. आठवताना त्यातला एखादा धागा हाती आला की बाकीचं ओढत येतं. १९९८ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांना एक लेख कुणाला शांततेत, कुणाला खानावळीच्या गोंगाटात वाचायला दिला. ज्यांची परीक्षा वाचनाच्याच वातावरणात झाली त्यांना जास्त आठवलं. त्याआधी, १९७९ साली स्टीव्हन स्मिथ यांनी दाखवलं होतं की मूळ जागी परत जाण्याची गरज नाही, ती जागा मनात उभी केली तरी आठवण सुधारते. मी हॉलमध्ये तेच केलं होतं.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग पाणबुड्यांचा. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी अठरा जणांना काही शब्द किनाऱ्यावर आणि काही पाण्याखाली पाठ करायला लावले होते, आणि पाण्यात शिकलेलं पाण्यातच जास्त आठवलं. पण २०२१ साली नेदरलँड्समध्ये तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा फरक आढळला नाही. म्हणून मी त्यावर फार भर देत नाही. जागेचा परिणाम कधी मोठा असतो, कधी अगदी थोडा. पालकांनी घराला प्रयोगशाळा करू नये. एकच धडा दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी बसून वाचायला द्यावा, एवढं पुरे. स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बियॉर्क यांच्या १९७८ च्या प्रयोगात दोन वेगळ्या खोल्यांत शिकलेल्यांना एकाच खोलीत दोनदा शिकलेल्यांपेक्षा अधिक आठवलं होतं.

भाषेचा धागा मात्र मला फार बळकट वाटतो. माझी अम्मा सिरसिल्लाची, लग्न होऊन सोलापूरला आली. तिच्या लहानपणाच्या गोष्टी लिहून ठेवाव्यात म्हणून मी वही घेऊन बसले आणि सवयीनं मराठीत विचारत गेले. तिनं विडी कारखान्याचे दिवस सांगितले, मोर्चे सांगितले, रेशनची रांग सांगितली. सिरसिल्लाबद्दल विचारलं की "काय, नेहमीचंच" एवढंच. एका दुपारी मी प्रश्न तेलुगूत विचारला. बतुकम्माच्या नऊ दिवसांपासून तिनं सुरुवात केली ती अंधार पडेपर्यंत. तंगेडूची पिवळी फुलं कुठून आणायची, ताटात त्यांचे थर कसे रचायचे, तळ्यात सोडताना पाय कसा घसरला होता. तंगेडू म्हणजे आपला तरवड. सोलापूरच्या माळावर तो भरपूर फुलतो आणि ती त्याच्या शेजारून आयुष्यभर गेली, पण 'तरवड' हा शब्द तिला ठाऊक नव्हता. कॉर्नेल विद्यापीठात व्हिओरिका मॅरियन आणि उलरिक नायसर यांनी रशियातून अमेरिकेत आलेल्या तरुणांशी असंच बोलून पाहिलं होतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रशियनमधून विचारल्यावर रशियन बोलण्याच्या काळातल्या आठवणी जास्त आल्या, इंग्रजीतून विचारल्यावर इंग्रजीच्या काळातल्या. अम्माची वही मी नव्यानं सुरू केली, तेलुगूत.

भाषेचा धागा जागेलाही बांधलेला असतो. मी पुण्याला प्रशिक्षणाला जायची तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसताना "काय करायलालीस?" म्हणायची आणि दौंड गेलं की "काय करतेयस?" म्हणू लागायची. कुणी टोकलं नव्हतं, तोंड आपोआप वळायचं. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली नोंदवलं होतं की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी राहून राहून वाक्यरचनेत एकमेकींसारख्या झाल्या आहेत. कुणी कुणाची भाषा सोडली नाही. सोलापुरी मराठीला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तिच्यात चार शेजाऱ्यांचा सहवास आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, पण आज मराठी किंवा इंग्रजी शाळेत जाणारी मुलंही याच घरांतून येतात. जूनमध्ये शाळा उघडतील. पहिली-दुसरीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. आकडे शिकवायला सुरुवात करण्याआधी एकेका मुलाला जवळ घ्या आणि विचारा, "तुझ्या घरी अठ्ठावीसला काय म्हणतात?"